रोमचा एक दिवस पायी फिरण्यासाठी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी युरोप सहलींच्या जाहिराती पुण्यात सुरू झाल्या आहेत. अनेक कार्यक्रमांत रोम अर्ध्या दिवसात उरकलेले असते. जुने रोम मात्र आटोपशीर आहे. कलोसियमपासून पँथिऑन (घुमटाचे प्राचीन मंदिर), पियाझ्झा नवोना हा चौक आणि सांतान्जेलो पुलावरून व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या चौकापर्यंत साधारण चार किलोमीटर. सहल कंपन्यांनी इथे एक अख्खा दिवस मोकळा सोडावा, ही कळकळीची विनंती.

जाणाऱ्यांनी आधी पायांची तयारी करावी. तिथल्या गल्ल्यांत आपल्याकडच्या काळ्या पाषाणासारखेच बेसाल्टचे छोटे चौकोनी दगड आहेत. जुन्या पद्धतीत ते वाळूवर बसवत, त्यामुळे काही खचतात, काही वर राहतात. पातळ तळव्याच्या चपलांनी दुपारपर्यंत टाचा भरून येतात, आणि पाऊस पडला की हेच दगड निसरडे होतात. जाड, खाचांच्या तळव्याचे बूट महिनाभर आधी घ्यावेत आणि तळजाई टेकडीवर रोज वापरून मऊ करावेत. कोरे बूट घालून निघाल्यास फोड येणारच.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत. रस्तोरस्ती 1874पासून बसवलेले बिडाचे नळ आहेत, पाणी पिण्याचे आणि थंडगार. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून धार उसळते. गुडघे दुखणाऱ्यांना वाकावे लागत नाही. किती साधी आणि शहाणी सोय!

लहान चर्च दुपारी बंद होतात, म्हणून ती सकाळीच पाहावीत. नवोनाजवळच्या सान लुइजी देई फ्रांचेझीमध्ये काराव्हाज्जोची तीन चित्रे विनामूल्य पाहता येतात. ऊन तापल्यावर पँथिऑन गाठावे. 2023पासून तिथे तिकीट आहे. मे-जूनमध्ये तिथला माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, घड्याळात एकनंतर होतो. तेव्हा घुमटाच्या सुमारे नऊ मीटर रुंदीच्या उघड्या छिद्रातून आलेला उन्हाचा गोल फरशीवर उतरलेला असतो. ते पाहायला अर्धा तास हवाच. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत; सेंट पीटर्समध्ये त्यावाचून आत सोडत नाहीत.

पिझ्झा वजनावर मिळतो. शाकाहारींनी ‘बियांका’ मागावा, त्यावर तेल आणि मीठच असते. स्पॅनिश पायऱ्यांवर मात्र टेकू नये. 2019पासून तिथे बसायला बंदी आहे आणि दंड 250 युरोपासून सुरू होतो.

कंपन्यांनी पत्रकात एकत्र जमण्याच्या फक्त दोन जागा आणि वेळा छापाव्यात: सकाळी आठला कलोसियम, संध्याकाळी सातला सांतान्जेलो पूल. मे-जूनमध्ये तिथे आठपर्यंत उजेड असतो.

— एक वाचक, सहकारनगर, पुणे