मेडारमची वाट आधी समजून घ्या

संपादक महोदय,

दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या सुमारास तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात मेडारमला सम्मक्का-सारलम्मा या आदिवासी मायलेकी देवींची जत्रा भरते. सिरोंचा, अहेरीकडूनही भाविक गोदावरीच्या पुलावरून काळेश्वरम, काटारम मार्गे मेडारमला जातात. मराठी वृत्तपत्रांत मात्र गर्दीचा फोटो आणि ‘आदिवासींचा कुंभमेळा’ एवढेच छापून येते. चार दिवसांचा क्रम कुणी सांगत नाही, आणि फसगत तिथेच होते.

बुधवारी कन्नेपल्लीहून सारलम्मा येते. सम्मक्काचा पती पगिडिद्दराजू आणि सारलम्माचा पती गोविंदराजूही त्याच दिवशी येतात. सम्मक्काची गद्दी, म्हणजे देवीचा ओटा, तेव्हा रिकामीच असते! गुरुवारी कोया या आदिवासी जमातीचा पुजारी चिलकलगुट्टा डोंगरावरून सम्मक्काचे रूप असलेला कुंकवाचा करंडा आणतो. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हवेत गोळी झाडून मानवंदना देतात. संध्याकाळच्या या आगमनाच्या वेळी रांगा थांबतात. त्या वेळी लहान मुले, म्हातारी माणसे रांगेत नकोतच. शुक्रवारी सगळ्या देवता गद्दीवर असतात, म्हणून सर्वाधिक गर्दी त्याच दिवशी. शनिवारी संध्याकाळी देवता वनात परततात. बुधवारी दर्शन घेऊन परतलेल्याला सम्मक्का भेटतच नाही.

इथे मूर्ती नाही. बांबू आणि कुंकू हेच देवीचे रूप, आणि पूजेचा अधिकार कोया पुजाऱ्यांचा. तो मान बाहेरच्यांनी राखलाच पाहिजे.

नवसाचा गूळ आपल्या वजनाइतका देतात. तिथे त्याला ‘बंगारम’ म्हणजे सोने म्हणतात. साठ किलोच्या माणसाचा साठ किलो गूळ रांगेतून उचलून नेणे एकट्याचे काम नाही. गुळाची तुला बाहेरच करावी, आत झेपेल तेवढाच न्यावा आणि प्लॅस्टिक आधीच काढावे. मागून ढेपा भिरकावल्या की पुढच्यांची डोकी फुटतात, शिवाय पायाखाली चिखल होऊन माणसे घसरतात. ढेप पुढे गेल्यावर हातानेच ठेवावी.

जंपन्ना वागू हा ओढा सम्मक्काच्या मुलाच्या नावाचा. स्नानानंतर जुने कपडे त्यात सोडू नयेत. भोवती एटूरनागारम अभयारण्याचे जंगल आहे. चुलीचे निखारे पाणी ओतून पूर्ण विझवावेत, नुसती माती लोटू नये.

ज्यांना गर्दी झेपत नाही, त्यांच्यासाठी मधल्या वर्षी माघातच लहान जत्रा असते. पुढच्या जत्रेआधी किमान पंधरा दिवस आपल्या विदर्भ आवृत्तीत तारखा, वारांचा क्रम आणि वाहनतळांचा नकाशा छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सिरोंचा (जि. गडचिरोली)