जेंकिन्सचं घर का वगळलं?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड या लिंकनच्या गावावरचा लेख काल वाचला. लिंकनचं घर लेखकाने मनापासून दाखवलं आहे. जिन्याच्या कठड्यावर अख्खा परिच्छेद आहे, तोही आवडला. त्या कठड्याला मीही हात लावून आले आहे. पण ‘लिंकनचा सगळा शेजार १८६० मध्ये होता तसाच आजही उभा आहे’ हे वाक्य वाचलं आणि राहवेना. सगळा शेजार उभा नाही हो! आठव्या रस्त्यावर घरांच्या मध्येमध्ये मोकळ्या जागा आहेत. त्यांतली एक जेमसन जेंकिन्सची.

जेंकिन्स कृष्णवर्णीय गाडीवान. घोडागाडीतून लोकांचा माल वाहायचा. पळून आलेल्या गुलामांना गुपचूप पुढे पोहोचवणारी जी साखळी अंडरग्राउंड रेलरोड म्हणून ओळखली जाते, तिच्यातलाही तो माणूस. १८५० च्या जानेवारीत अशा पळून आलेल्या गुलामांच्या एका गटाला त्याने मदत केली होती. आणि ११ फेब्रुवारी १८६१ च्या पावसाळी सकाळी, अध्यक्षपदासाठी निघालेल्या लिंकनला स्टेशनवर पोहोचवलं तेही यानेच. तुमच्या लेखात स्टेशनवरचं निरोपाचं भाषण आहे. स्टेशनपर्यंत नेणाऱ्याचं नाव नाही.

मला हे इतकं लागलं याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी लेकीकडे गेले होते तेव्हा आपल्याकडच्याच एका सहल कंपनीबरोबर तिथे गेले. घर पाहून झाल्यावर लाकडी फळ्यांच्या पायवाटेने पुढे गेले, तर समोर नुसतं कापलेलं गवत आणि माहितीचा फलक. चष्मा पुसून वाचायला लागले, तोच आमचा सहलप्रमुख लांबूनच ओरडला, “काकू, चला, तिथे बघण्यासारखं काही नाही!” गाडी सुरूच होती. फलक अर्धाच वाचून झाला. भेटवस्तूंच्या दुकानात पंचवीस मिनिटं दिली होती, इथे पाच मिनिटं मिळेनात. बाकीचं मी लेकीच्या घरी बसून वाचून काढलं, पण त्या जागेपुढे उभं राहून वाचायचं राहिलं ते राहिलंच. तेव्हाची हळहळ तुमच्या लेखाने परत वर आणली, कारण लेखकही तिथून तसाच पुढे निघून गेला आहे.

लिंकनचं घर टिकलं, कारण त्याच्या मुलाने, रॉबर्टने, १८८७ मध्ये ते इलिनॉय राज्याला दिलं. नीट राखायचं आणि लोकांना फुकट पाहू द्यायचं, अशी अट घातली. गाडीवानाच्या घरासाठी असं कोण करणार? तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने त्या जागी नकली जुनं घर बांधलं नाही, जागा मोकळी ठेवून फलक लावला. मला ते पटतं. नवं बांधलं असतं तर सगळ्यांनी फोटो काढले असते आणि मूळ घर गेलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

जाता जाता, लेखाशेजारच्या चौकटीबद्दल. लिंकनने मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेलं म्हणून जे पत्र तुम्ही पुन्हा छापलंत, ते लिंकनचं असल्याचा कसलाही पुरावा नाही. त्याच्या जमवलेल्या पत्रांमध्ये ते नाही. मी एकतीस वर्षं शिकवलं. आमच्या शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेलं होतं आणि मी ते मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. खरं कळलं तेव्हा त्या मुलांना शोधून सांगावंसं वाटलं. मजकूर सुंदर आहे, जरूर छापा, पण खाली लिंकनचं नाव नको.

पुढच्या रविवारी दोन्ही दुरुस्त्या पुरवणीतच छापाव्यात, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नकोत. आणि जेंकिन्सचं नाव पूर्ण द्यावं: जेमसन जेंकिन्स.

एक निवृत्त शिक्षिका, सांगली