समईच्या उजेडात भजन करणाऱ्या वाडीकरांचे आभार

गौरी आणायच्या संध्याकाळी आंब्याची फांदी तारांवर पडली आणि वाडीची वीज गेली. मिशनच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये इन्सुलिन आणि धनुर्वाताची लस होती. दोन्ही २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. गोठली तरी वाया जातात.

शेजारच्या काकींनी सणामुळे रिकामी असलेली मासळीची थर्मोकोल पेटी घासून आणली. बर्फाच्या पिशव्या लगेच आत ठेवू दिल्या नाहीत. हलवून आतलं पाणी खुळखुळल्यावरच टॉवेलात गुंडाळून ठेवल्या. सिस्टरनी हे एकदाच सांगितलं होतं, तेवढं त्यांच्या लक्षात होतं!

तोवर भजनातल्या दादांनी आरासीचा जनरेटर उचलून आणला. धूर आत येऊ नये म्हणून पडवीत न ठेवता अंगणापलीकडे पत्र्याखाली ठेवला. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट जास्त खेचतो, म्हणून दुसरं काहीच जोडलं नाही. त्यांच्या बाप्पासमोरच्या माळा मात्र विझल्या. भजन समईवर चालू राहिलं, पहाटेपर्यंत.

काकी, दादांनो, मनापासून आभार. एकही कुपी फुकट गेली नाही. जनरेटर पुसून, टाकी भरून ठेवलाय, आरतीआधी पोचवतो.