पाणी कधी येणार, एवढं तरी आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात. त्यांच्या शेवटी एक आवाहन हमखास असतं : आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पिंपं रिकामी करा, पाणी साठवून ठेवू नका. आवाहन योग्यच आहे. मी अंगणवाडी सेविका आहे. कळव्याला पारसिकच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहते आणि तिथेच काम करते. मातांच्या बैठकीत मीही हेच सांगते. बायका ऐकून घेतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन पिंप झाकून ठेवतात, रिकामं करत नाहीत. त्या अडाणी आहेत, निष्काळजी आहेत असं वरून पाहणाऱ्याला वाटू शकतं. तसं नाही, हे सांगायला हे पत्र लिहीत आहे.

डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडाभर लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं कोरडं करायचं. तेही नुसतं ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. कडा ब्रशने घासून काढाव्या लागतात. आता एक 200 लिटरचं पिंप ओतायचं, घासायचं, धुवायचं आणि पुन्हा भरायचं, तर पुढचं पाणी कधी येणार हे माहीत असायला नको का? आमच्याकडे तेच माहीत नसतं. उद्या येईलही, परवा येईल, आलं तर रात्री दोनला येईल. अशा वेळी भरलेलं पिंप कोणती बाई ओतून देईल? तिच्या जागी मी असेन, तुम्ही असाल, कुणीच ओतणार नाही.

उतारावरच्या घरांचं पाणी म्हणजे काय असतं ते जरा सविस्तर सांगते. पायथ्याशी मोठी लाइन आहे. तिच्यातून अर्धा इंची, पाऊण इंची पाइप पायऱ्यांच्या कडेने वर चढत जातात. एकेका जोडणीवर चार-पाच घरं असतात. पाणी सुटलं की आधी खालच्यांच्या नळाला येतं. त्यांनी टुल्लू पंप लावला की मधल्यांचं खेचलं जातं, मग मधलेही पंप लावतात, आणि वरच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसत राहतो. खालच्यांना मी दोष देत नाही. पाणी किती वेळ चालणार हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं, मग मिळेल तेवढं ओढून घेणं आलंच. वेळ ठाऊक नसली की माणूस गरजेपेक्षा जास्त साठवतो, आणि वरचा उपाशी राहतो. वरच्या गल्लीतल्यांना मग खाली उतरून हंड्याने पाणी आणावं लागतं, किंवा ज्याच्याकडे जोडणी आहे त्याला महिन्याचे पैसे देऊन पाइप लावावा लागतो. वीस लिटरचा हंडा म्हणजे वीस किलो वजन, आणि पायऱ्या सरळ नाहीत, पावसात शेवाळलेल्या असतात. सातव्या महिन्यापर्यंत हंडे वाहणाऱ्या गरोदर बायका माझ्या नोंदवहीत असतात. त्यांना मी लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगते, वजन उचलू नका असंही सांगते. गोळी घेणं त्यांच्या हातात आहे, हंडा न उचलणं नाही.

केंद्र सरकारच्या 1999 च्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये सांडपाण्याच्या वाहिन्या असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं होतं, आणि सार्वजनिक नळावर अवलंबून असणाऱ्यासाठी 40 लिटर. पाच माणसांच्या घराला 40 च्या हिशेबानेही रोज 200 लिटर लागतात, म्हणजे एक पूर्ण निळं पिंप, दहा हंडे. दोन दिवसांचं साठवायचं तर दोन पिंपं. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पिंपं ठेवली की एका माणसाची झोपायची जागा गेली. आमच्याकडची मुलं पिंपाला पाठ टेकून अभ्यास करतात.

पण माझं सगळ्यात मोठं दुःख लिटरांचं नाही, वेळेचं आहे. वस्तीतल्या बहुतेक बायका घरकामाला जातात, कुणी खारेगावात, कुणी खाडीपलीकडे ठाण्यात, कुणी ऐरोलीला. सकाळी साडेसात-आठला बाहेर पडावं लागतं. पाणी नेमकं नऊला सुटलं तर शेजारीण मिस्ड कॉल देते. मग ती बाई एक तर कामावरून पळत येते, नाही तर मोठ्या मुलीला शाळेतून थांबवून ठेवते. कामावर खाडा झाला की पगारातून कापला जातो, दोन-तीन खाडे झाले की काम जातं. शाळेत मुलीच्या नावापुढे गैरहजेरी लागते. सहावी-सातवीतल्या मुली आठवड्यातून एक-दोन दिवस घरी का असतात, असं मला एका शिक्षिकेने विचारलं होतं. मी म्हटलं, बाई, त्या पाण्यावर थांबलेल्या असतात. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगारी कामगाराचंही तेच. सकाळी आठनंतर नाक्यावर गेलं तर काम मिळत नाही. रात्री दोनला पाणी भरून पहाटे डोळा लागलेल्या माणसाला सहाला उठवत नाही. हे नुकसान कुठल्या सरकारी तक्त्यात दिसत नाही. पाणी "मिळालं" एवढीच नोंद होते.

ठाणे शहराचं स्वतःचं धरण नाही. शहराला स्टेम (शहाड-टेमघर पाणी प्राधिकरण), एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि भातसा नदीवरची स्वतःची योजना अशा चार ठिकाणांहून पाणी मिळतं. त्यात कुठेही दुरुस्ती निघाली की शटडाऊन घ्यावा लागतो, हे मला समजतं. त्याची बातमी आपण छापता. तिच्यात शेवटचं वाक्य असतं, "पुढील एक-दोन दिवस पाणीपुरवठा कमी दाबाने होईल." सपाटीवरच्या सोसायटीत खाली टाकी असते, गच्चीवर टाकी असते. कमी दाबाचं पाणी खालच्या टाकीत हळूहळू का होईना पडतं आणि पंपाने वर चढतं. आमच्या वरच्या गल्लीत कमी दाब म्हणजे पाणी नाहीच. चोवीस तासांचा शटडाऊन आम्हाला तीन-चार दिवस पुरतो. त्या दिवसांत सार्वजनिक शौचालयाची टाकीही कोरडी पडते. तिथल्या अवस्थेबद्दल लिहीत नाही. बायका अंधार पडायची वाट बघतात, एवढंच सांगते.

हे वाचून काही वाचक म्हणतील, मुळात डोंगरावर राहताच कशाला, ती घरं बेकायदा आहेत. डोंगर धोक्याचा आहे हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जुलै 2021 मध्ये कळव्याच्या घोलाईनगरमध्ये दरड कोसळून एकाच घरातली पाच माणसं गेली. जोराचा पाऊस लागला की वस्तीत कुणी शांत झोपत नाही. सपाटीवरचं भाडं परवडलं असतं तर दगडाखाली कुणी संसार मांडला नसता. सुरक्षित जागी, कामाच्या जवळ घर देत असतील तर मी स्वतः बिऱ्हाड बांधायला मदत करीन. पण ते होईपर्यंत इथे माणसं आहेत आणि त्यांना तहान लागते. पाण्याच्या हक्कासाठी काम करणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर 15 डिसेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे. झोपडी 1 जानेवारी 2000 नंतरची आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही, घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं. कायदेशीर घरांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, असंही न्यायालय म्हणालं. ठीक आहे. मी बरोबरी मागतच नाही.

सातारा जिल्ह्यातल्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ते आमच्या नशिबात येईल तेव्हा येईल. आज मागणं त्याहून फार लहान आहे. जेवढं पाणी देता तेवढंच द्या, पण कोणत्या वस्तीला, कोणत्या वारी, किती वाजता आणि किती वेळ, हे आधी सांगा. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. राज्यात विजेचं भारनियमन होतं, तेव्हा कोणत्या भागात किती ते किती वीज जाणार याचं वेळापत्रक निघायचं, वर्तमानपत्रांतून छापून यायचं. लोक वैतागले, पण पिठाची गिरणी आणि मुलांचा अभ्यास त्या वेळा धरून करत होते. रविवारच्या मेगाब्लॉकची वेळ शनिवारीच कळते. पाण्याची वेळ सांगणं याहून अवघड नाही. पाणी आपोआप सुटत नाही, माणूस येऊन चावीने व्हॉल्व्ह फिरवतो. म्हणजे कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. तीच माहिती आम्हाला हवी आहे. मोबाइलवर संदेश पाठवा, नाही तर नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहा. वेळ बदलली तर आदल्या संध्याकाळी कळवा. आणि वरच्या गल्ल्यांसाठी वेगळा व्हॉल्व्ह टाकून त्यांचा पाण्याचा दिवस वेगळा ठेवा, म्हणजे खालचे पंप चालू असताना वरच्यांना ताटकळावं लागणार नाही. दीर्घ उपाय म्हणून पायथ्याला संप (पाणी साठवायची जमिनीखालची टाकी) आणि वर टाकी बांधावी, याला दुसरा पर्याय नाही. पण त्याला जागा, निधी, परवानग्या लागतील. वेळापत्रकाला यातलं काहीच लागत नाही.

आणि कोरड्या दिवसाचं आवाहन करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना व पाणी सोडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवा. मंगळवारी पाणी नक्की येणार असेल तर सोमवारी आख्खी गल्ली पिंपं घासेल, हे मी खात्रीने सांगते.

आपल्याला एक विनंती आहे. शटडाऊनच्या बातमीला जागा देता, तशी आठवड्यातून एकदा वस्तीनिहाय पाण्याच्या वेळांना अर्धा रकाना द्यावा आणि त्या वेळा संबंधितांकडून मागून घ्याव्यात. आपण मागितल्या तर मिळतील. सुरुवातीला अर्धा-एक तास पुढेमागे झालं तरी बायका समजून घेतील.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका, कळवा (ठाणे)
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)