पणसायमळचे बैल कोरणारे कुठे गेले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने विचारले होते, की ख्रिस्ती मुलांना शाळेत माकडापासून माणूस झाला म्हणून शिकवतात आणि इगर्जीत (चर्चमध्ये) आदाम-एवा सांगतात, मग त्या पोरांनी कोणाचे खरे मानायचे? मी दक्षिण गोव्यातल्या केप्यात राहते. तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले आणि त्यातली बावीस वर्षे रविवारी मिसानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) दोत्रिनही, म्हणजे मुलांना ख्रिस्ती धर्मशिक्षणही, शिकवले. दोन्हीकडे फळ्यासमोर मीच उभी होते, तेव्हा उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावरही येते.

आधी माझी चूक सांगते. एकदा नववीची मुले घेऊन रिवणजवळच्या पणसायमळला गेले होते. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणे, एक नाचणारी आकृती, एकात एक वर्तुळांचा चक्रव्यूह कोरलेला आहे. १९९३ साली हे काम जगापुढे आले, पण कोरले गेले ते हजारो वर्षांपूर्वी. दुपारच्या उन्हात रेषा नीट दिसत नाहीत. तिथल्या राखणदाराने कळशीभर पाणी ओतले, तसा एकेक बैल शिंगांपासून उमटू लागला. माझ्या दोत्रिनच्या वर्गातली एक मुलगी उकिडवी बसून ओल्या शिंगावरून बोट फिरवत होती. मान वर न करताच तिने विचारले, "टीचर, हांकां बाप्तिज्म नासलो. मागीर हे खंय गेले?" (यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मग हे कुठे गेले?)

मी म्हटले, "देवाक खबर. चल, बस सुटता."

देवाला ठाऊक, हे खरेच. पण मी ते वाक्य तिला गप्प करण्यासाठी वापरले. त्यानंतर ती माझ्या वर्गात कधी काही विचारत नसे.

माकडाचा भाग पटकन आटोपते, कारण तो वाटतो तितका अवघड नाही. माणूस आजच्या माकडापासून झाला असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढेच म्हणते. आणि कॅथोलिक चर्चने त्याला दार लावलेले नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० साली लिहिले, की माणसाचे शरीर आधीच्या सजीवांपासून आले का, याचा अभ्यास जरूर करावा. आत्मा मात्र थेट देवाकडून येतो. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले, की उत्क्रांती ही आता निव्वळ एक कल्पना राहिलेली नाही. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तर मठातला साधूच होता. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनने बजावले होते, की आकाश-पृथ्वीबद्दल जे इतरांना नीट ठाऊक आहे, त्याविषयी ख्रिस्ती माणसाने बायबल पुढे करून काहीबाही बोलू नये, त्याने बायबलचीच शोभा होते.

खरी गाठ पुढे आहे, आणि ती लपवू नये. त्याच १९५०च्या लेखनात पोपनी म्हटले होते, की मानवजात एका आदामाऐवजी अनेकांपासून आली असे मानले, तर ते आदिपापाच्या, म्हणजे आदामाचे पाप सगळ्या माणसांकडे आले या, शिकवणीशी कसे जुळेल हे दिसत नाही. आज जनुकांच्या अभ्यासातून दिसते ते असे, की आपण एका जोडप्यापासून आलेलो नाही, हजारोंच्या समूहातून आलो आहोत. यावर धर्मपंडितांचे एकमत नाही. कोणी म्हणतात, त्या समूहातल्या दोघांना देवाने पहिल्यांदा हाक मारली. कोणी म्हणतात, आदाम म्हणजे आपण सगळेच. हिब्रूत 'आदाम' म्हणजे माणूस आणि 'आदामा' म्हणजे माती. मला हे दुसरे पटते. मुलांना दोन्ही सांगावे आणि वाद अजून मिटलेला नाही हेही सांगावे.

आता त्या मुलीचा प्रश्न, बाप्तिस्म्याशिवाय मेलेले कुठे जातात हा. तो आमच्या गोंयच्या सायबालाही चुकला नव्हता. सांव फ्रांसिस झेवियर जपानहून परतल्यावर १५५२ साली कोचीनहून लिहितात, की तिथले नवख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांसाठी रडत आणि त्यांना नरकातून सोडवायला काही उपाय आहे का, असे विचारत. उपाय नाही, असे त्यांनी सांगितले. त्या लोकांना पाहून आपल्यालाही रडू येते, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्यांचे अवशेष आम्ही जुन्या गोव्यात पूजतो, त्या संतालाही हे उत्तर देताना यातना झाल्या.

त्याच शतकात गोव्यात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. त्यांच्या आज्या-पणज्यांचे काय? घरोघरच्या माणसांनी त्यांना सोडले नाही. लग्नाआधी 'भिकाऱ्यांचें जेवण' घालून घरातल्या गेलेल्यांची आठवण आम्ही अजून करतो, आणि पान वाढताना कोणाचा बाप्तिस्मा झाला होता ते कोणी मोजत नाही.

चर्चचे उत्तर १९६४ साली आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, म्हटले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ताची वार्ता पोचली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. मग बाप्तिस्मा कशाला, असे मला दोत्रिनच्याच सहकाऱ्यांनी विचारले आहे. आम्हाला जे दार दाखवले त्यातून आम्ही जायचे. देव मात्र त्या दाराला बांधलेला नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहिते, तेही सांगते. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता. दीड तास जगला. पाद्रीबाब पोचेपर्यंत उशीर झाला आणि सुईणीला घाबरून स्वतः बाप्तिस्मा द्यायचे सुचले नाही. त्याला सिमितीराच्या (दफनभूमीच्या) भिंतीबाहेर पुरले. दर २ नोव्हेंबरला, आल्मांच्या (मृतात्म्यांच्या) दिवशी, सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लागत, आणि आई एक मेणबत्ती पदराआड धरून भिंतीला वळसा घालून जात असे. तिला सांगितले होते, की बाळ लिंबोत आहे. दुःख नाही, पण देवाचे दर्शनही नाही. लिंबो हा चर्चचा पक्का सिद्धान्त कधीच नव्हता. १९९२च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात अशी बाळे देवाच्या दयेवर सोपवली आहेत आणि त्यांच्या तारणाची आशा धरा असे म्हटले आहे. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने त्या आशेची कारणे सविस्तर मांडली. आई १९९८ साली गेली. सहा वर्षे ते शब्द छापलेले होते. तिला ते कोणी वाचून दाखवले नाहीत. मीही नाही, कारण मीही तोवर विचारले नव्हते.

१६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्सनी साष्टी तालुक्याच्या लोकांना आदामाची कथा मराठीत सांगितली. त्यात ऐकणारे मध्येच शंका काढतात आणि पाद्री उत्तर देतो. चारशे वर्षांपूर्वी चालले, ते आज दोत्रिनच्या वर्गात चालावे, एवढीच व्हिगारांना (चर्चच्या मुख्य पाद्रींना) आणि शिकवणाऱ्या भगिनींना विनंती. पाऊस सरला की कोणत्याही गावच्या वर्गाला पणसायमळला घेऊन जायला मी तयार आहे. कळशी मी आणीन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, केपे