निबंधातला मोर आणि मळ्यातला मोर

संपादक महोदय,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. जुलैत मुलांना ‘पावसाळा’ हा निबंध दिला. २२ वह्या आल्या. १९ वह्यांत मोर थुईथुई नाचत होता आणि धरणीमाता हिरवा शालू नेसली होती. मोर आमच्या मुलांना नवा नाही. तो मळ्यात उतरून मिरचीची रोपे टोचतो, आणि त्याला हाकलायचे काम घरात याच मुलांकडे असते. तो मोर एकाही वहीत नव्हता.

मुलांचा दोष नाही. पाठ्यपुस्तक सोडले तर त्यांच्या हाती बाजारातली तयार निबंधांचीच पुस्तके पडतात. जे वाचले तेच हातातून उतरते. त्यात आम्ही शिक्षकही भर घालतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीने लिहिले होते, ‘रोयणीवर अळमी आली.’ मी लाल शाईने ‘वारुळावर भूछत्रे उगवली’ असे केले. त्यानंतर तिच्या वहीत अळमी पुन्हा आली नाही. ती दुरुस्ती मला अजून सलते.

यंदा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीआधी माटोळीवर (गणपतीच्या वर फळे-फुले बांधतात ती चौकट) दीड पान मीच लिहिले आणि वर्गात वाचून दाखवले. कांगलां, आंबाडे, तोरिंग, सुपारीचा घड, सगळी नावे आपण घरी म्हणतो तशीच ठेवली. सुट्टीनंतर एका मुलाने लिहून आणले: ‘बाबा कांगलां काढायला रानात गेले. पाय घसरला. आई म्हणाली पुरे, पण आजी म्हणाली अजून तोरिंग नाही.’ या मुलाची वाक्ये एरवी अंकलिपीतल्यासारखी सुटी सुटी असत. इथे ‘पण’ त्याने आपणहून घातला, आणि घरातली माणसे बोलू लागली.

पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे, पण आमच्या वाड्यावरच्या मुलाला ते लांबच. म्हणून शिक्षण खात्याला विनंती आहे: प्रत्येक तालुक्यातल्या मुलांचे असे लेखन निवडून त्याच्या छोट्या पुस्तिका छापाव्यात आणि सगळ्या मराठी प्राथमिक शाळांना द्याव्यात. उत्तर टोकाच्या पेडण्याच्या मुलाने दक्षिण टोकाच्या काणकोणच्या मुलाचे वाचावे. शुद्धलेखन जरूर तपासावे, शब्द मात्र बदलू नयेत. पाठ्यपुस्तकातल्या कविता आणि धडे हवेतच, त्यांच्या जोडीला हे हवे.

आमच्या वर्गाची नऊ पाने तयार आहेत. अळमीचेही एक आहे.

– एक शिक्षिका, सत्तरी