मायटोकॉन्ड्रियातील मिथाइलेशन : टक्का छापण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वार्धक्य, मधुमेह, कर्करोग यांचा संबंध मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेच्या, डीएनएवरील मिथाइलेशनशी (डीएनएला मिथाइल हा छोटा रासायनिक गट लागण्याशी) जोडणाऱ्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांत टक्का, म्हणजे डीएनएतल्या सायटोसिन या घटकापैकी किती भागाला मिथाइल लागले आहे तो आकडा, ठळक असतो. तो कसा मोजला याचा मात्र पत्ता नसतो. या विषयात मोजण्याची रीत बदलली की उत्तरही बदलते, म्हणून हे पत्र.

वाद जुना आहे. १९७३-७४ मध्ये कोणाला थोडे मिथाइलेशन सापडले, कोणाला अजिबात नाही. २०११ मध्ये डीएनएला मिथाइल लावणाऱ्या डीएनएमटी१ या एन्झाइमचे एक रूप मायटोकॉन्ड्रियात शिरते असे दाखवले गेले आणि विषयाने पुन्हा उचल खाल्ली. ‘काहीच नाही’ असे सांगणारे शोधनिबंधही पाठोपाठ आलेच.

सर्वाधिक गोंधळ बायसल्फाइट पद्धतीने घातला आहे. सोडियम बायसल्फाइट साध्या सायटोसिनचे युरेसिल करते, मिथाइल लागलेल्या सायटोसिनला जवळजवळ हात लावत नाही. मग क्रमवाचनात (डीएनएची अक्षरे ओळीने वाचताना) जिथे ‘सी’, म्हणजे सायटोसिन, शिल्लक दिसतो तिथे मिथाइलेशन, असा हिशेब. अडचण अशी की ही रासायनिक क्रिया फक्त सुट्या, एकेरी साखळीवरच नीट होते. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए १६,५६९ जोड्यांचे बंद, पीळ घातलेले वर्तुळ आहे. तापवले तरी त्याच्या दोन साखळ्या एकमेकींत अडकलेल्या राहतात आणि थंड होताच पुन्हा जुळतात. मधला सायटोसिन तसाच राहतो आणि मिथाइल असल्याचे सोंग आणतो. उपाय सोपा आहे : आधी वर्तुळ एका जागी कापायचे. माणसाच्या डीएनएत बॅमएचवन हे एन्झाइम एकदाच कापते. दुसऱ्या प्राण्यासाठी त्याचा क्रम पाहून एन्झाइम निवडावे, आणि काप पूर्ण झाला का ते जेलवर (तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या थरावर) पाहावे. एवढ्यानेच अनेक नमुन्यांतले ‘मिथाइलेशन’ ओसरते.

क्रिया किती पूर्ण झाली हे तपासायला बहुतेक जण लॅम्डा विषाणूचा मिथाइलविरहित डीएनए मिसळतात. पण तो सरळ तुकडा असतो; वर्तुळाची अडचण त्याला नसतेच, त्यामुळे तो नेहमी पास होतो. वर्तुळाकार प्लाझ्मिड (जिवाणूंतला छोटा सुटा डीएनए) वापरावे तर ते साध्या ई. कोलायमध्ये वाढवलेले नसावे, कारण त्या जिवाणूचे डीसीएम एन्झाइम स्वतःच सायटोसिनवर मिथाइल चढवते. चांगले नियंत्रण (तुलनेचा नमुना) म्हणजे त्याच मायटोकॉन्ड्रियल डीएनएची पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या तंत्राने) काढलेली कोरी, मिथाइल नसलेली प्रत आणि तिचाच एसएसएसवन एन्झाइमने मिथाइल केलेला जोडीदार. कोऱ्या प्रतीत ९९.५ टक्के रूपांतर झाले, तर ०.५ टक्का खोटा ‘सी’ उरतोच. मग नमुन्यातला ०.५ टक्का कशाचा मानायचा? क्रमवाचनाची खोली (तीच जागा किती वेळा वाचली ते) वाढवून यातून सुटका नाही. चूकही त्याच प्रमाणात मोजली जाते. पायरोसिक्वेन्सिंग या क्रमवाचन पद्धतीवर एक-दोन टक्क्यांच्या फरकाचे निष्कर्ष काढणाऱ्यांबद्दल तर न बोललेले बरे.

दुसरा शत्रू केंद्रकातला डीएनए. पेशीत मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या १,००० प्रती धरल्या तरी एकूण डीएनएत त्याचा वाटा पाव टक्क्याच्या आसपासच भरतो. केंद्रकातल्या सायटोसिनपैकी सुमारे ४ टक्के मिथाइल असतात. म्हणजे ‘शुद्ध’ नमुन्यात १० टक्के केंद्रकीय भेसळ राहिली, तर ०.४ टक्का मिथाइलेशन आयते हाती पडते. शिवाय मायटोकॉन्ड्रियाच्या क्रमाचे जुने तुकडे केंद्रकाच्या गुणसूत्रांत रुतलेले आहेत. अशा मिथाइल झालेल्या तुकड्याच्या दोन प्रती ५०० खऱ्या प्रतींत मिसळल्या, तर पीसीआर पुन्हा तोच ०.४ टक्का दाखवते. मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढून टाकलेल्या ‘ऱ्हो-शून्य’ पेशींवर प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) चालवून पाहिला की हे पकडता येते.

शुद्धीकरणासाठी ताजे ऊतक घ्यावे; गोठवून वितळवल्यावर केंद्रके फुटतात. ६०० ते १,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) जोराने फिरवून केंद्रके खाली बसवायची, वरचे द्रावण १०,००० जीच्या आसपास फिरवून मायटोकॉन्ड्रिया गोळा करायचे, बाहेर चिकटलेला डीएनए डीएनेझ या डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने खाऊ द्यायचा. त्यांतून डीएनए काढल्यावर एक्सोन्यूक्लिएज-५ हे एन्झाइम आणि त्याला ऊर्जा देणारे एटीपी वापरून सरळ तुकडे संपवायचे, वर्तुळे वाचतात. इथे यंत्रावर जोराने घुसळले (व्हॉर्टेक्स केले) की वर्तुळे तुटतात आणि तीही खाल्ली जातात. वर्तुळ कापायचे एन्झाइम अर्थातच यानंतर. शेवटी एक केंद्रकीय आणि एक मायटोकॉन्ड्रियल जनुक क्यूपीसीआरने (प्रती मोजणाऱ्या पीसीआरने) मोजून भेसळ किती उरली ते आकड्यात लिहायचे.

एकूण प्रमाणच हवे असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचे वस्तुमान मोजण्याची रीत) अधिक भरवशाची. डीएनए न्यूक्लिओसाइड या सुट्या घटकांपर्यंत पचवायचा, समस्थानिक लावलेले (वस्तुमानाने वेगळे ओळखू येणारे) मानक घालायचे आणि साध्या डीऑक्सिसायटिडिनसाठी, म्हणजे सायटोसिनच्या न्यूक्लिओसाइडसाठी, २२८ ते ११२, मिथाइलवाल्यासाठी २४२ ते १२६ ही संक्रमणे (रेणूचे वस्तुमान ते त्याच्या तुकड्याचे वस्तुमान) मोजायची. मायटोकॉन्ड्रियात आरएनए भरपूर असतो. तो आरएनेझने आधी काढला नाही तर मापात ढवळाढवळ होते. पचनाच्या एन्झाइममध्येही जिवाणूंचा मिथाइल डीएनए मुरलेला असू शकतो, म्हणून नमुन्याविना फक्त एन्झाइमचे कोरे माप घेऊन ते वजा करावे. वाढवलेल्या पेशींत मायकोप्लाझ्मा हा जिवाणू आहे का, तेही पाहावे. त्याचा डीएनए वर्तुळाकार असल्याने एक्सोन्यूक्लिएजच्या तावडीतून सुटतो, आणि काही जातींत मिथाइल सायटोसिन असतो.

आता या टक्क्याचा अर्थ. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत दोन्ही साखळ्या मिळून सुमारे ७,३५० सायटोसिन आहेत. ०.३ टक्का म्हणजे रेणूमागे सरासरी २२. पण सगळ्या रेणूंवर थोडे थोडे की मोजक्या रेणूंवर दाट, हे मास स्पेक्ट्रोमेट्री सांगत नाही. ते नॅनोपोरसारख्या एकेक रेणू वाचणाऱ्या पद्धतीचे काम. तिथेही तेच सॉफ्टवेअर कोऱ्या प्रतीवर चालवून खोट्या खुणा किती येतात हे कळल्याशिवाय आकडा वाचू नये.

यापुढे अशी बातमी देताना टक्क्याशेजारी निदान तीन गोष्टी छापाव्यात, ही विनंती : वर्तुळ कापले होते का, केंद्रकीय भेसळ किती होती आणि कोऱ्या प्रतीवर किती मिथाइलेशन ‘दिसले’.

आपले,
आण्विक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारे काही वाचक